खळग्यांचा जिना

माघ सरत आला होता. पहाटेचं धुकं सावंतवाडीच्या तलावावर अंग टाकून पडलं होतं आणि पाणी त्याच्याखाली शांत, निर्धास्त, निजलेलं. काठावरच्या दिव्यांची प्रतिबिंबं एकेक करून मावळली. मग डोंगराच्या खांद्यावर आधी राखाडी, मग केशरी, मग तांबूस असा प्रकाश आला, आणि धुक्याला हलकेच जाग आली. आंब्यांना मोहोर धरला होता. त्या मोहोराचा आंबटगोड, ओलसर, अर्धवट झोपेतला गंध गल्लीगल्लीतून हिंडत होता.

तलावामागच्या गल्लीत एक अरुंद घर होतं. कौलारू, दुमजली, दोन शेजाऱ्यांच्या मध्ये अंग चोरून उभं. त्याच्या कौलांत एक काचेचं कौल होतं, आणि त्या एका काचेतून रोज सकाळी हातभर ऊन घरात यायचं. ते आधी जिन्याच्या सर्वांत वरच्या पायरीवर बसायचं. मग एकेक पायरी उतरत, कुठे न घसरता, कुणाला न विचारता, दुपारपर्यंत खाली ओसरीत यायचं.

ऊन उतरायचं त्याच वेळी गंगाराम मेस्त्री चढायचा.

उन्हाला काय, त्याला डोळे लागत नाहीत. आणि गंगारामचे डोळे आता असून नसल्यासारखे होते. काचबिंदूने त्याच्याकडून रंग एकेक करून मागून नेले होते. आधी निळा गेला, मग हिरवा, मग जांभळा. लाल बरेच दिवस तग धरून होता. शेवटी पिवळाही गेला, आणि उरला नुसता उजेड आणि नुसती सावली. आयुष्यभर लाकडावर लाख चढवून रंगांच्या राशी उभ्या केलेल्या माणसाची ही गत व्हावी, याला काय म्हणायचं? दैवाला तारतम्य नाही, एवढंच म्हणायचं आणि पुढे जायचं.

गंगाराम मात्र पुढेच जात होता. रोज सकाळी तेरा पायऱ्या चढून तो माडीवर जायचा. तिथे त्याच्या वडिलांचं लाकूड कातायचं यंत्र होतं. घर बांधतानाच ते तुळईला जखडून टाकलेलं, त्यामुळे खाली आणायचा प्रश्नच नव्हता. त्या यंत्रापाशी बसून गंगाराम बोटांनी लाकूड चाचपायचा, पटाशी धरायचा, आणि रोज एक भोवरा करायचा. एकच, पण रोज. लाखेच्या कांड्यांवर त्याच्या बायकोने खाचा पाडून ठेवल्या होत्या. एक खाच म्हणजे लाल, दोन म्हणजे पिवळी, तीन म्हणजे हिरवी. फिरत्या लाकडावर कांडी टेकली की लाख वितळायची, वितळून लाकडाला बिलगायची. मग केवड्याचं हिरवं पान दाबून धरलं की त्या रंगाला अशी काही लकाकी यायची की दृष्टी गेलेल्या माणसाच्याही बोटांना ती कळावी.

भोवरा झाला की तो खिडकीतून खाली हाक मारायचा आणि गल्लीतल्या ज्या पोराचा हात आधी वर येईल त्याच्या हातात भोवरा पडायचा. एवढंच त्याचं जग होतं आणि ते त्याला पुरत होतं.

त्याची बायको प्रभावती खाली चुलीपाशी बसून त्याचं चढणं ऐकायची. जिन्याची नववी पायरी कुरकुरायची. म्हाताऱ्या मांजरीने अंग ताणावं तसा लांबलचक, लाडिक आवाज. तो आवाज आला की प्रभावती चहाचं आधण ठेवायची. नवव्या पायरीवर ऊन आणि गंगाराम यांची गाठ पडायची, पायरी बोलायची, आधण चुलीवर चढायचं. शेहेचाळीस वर्षांत या क्रमात खंड पडला नव्हता, बाळंतपणाचे आणि सुतकाचे दिवस सोडले तर.

आता त्या जिन्याविषयी. जिना फणसाच्या लाकडाचा होता, पण हे कुणी सांगितल्याशिवाय कळलं नसतं. लेकीच्या लग्नात प्रभावतीला हौस आली होती, घर जरा शहरासारखं दिसावं. रंगाऱ्याने दारांसाठी आणलेला चॉकलेटी ऑइलपेंट उरला होता. तो त्याने जिन्याला फासला, पायऱ्यांना फासला, कठड्याच्या कातीव गजांनाही फासला. दोन दिवस सगळ्यांनी वाहवा केली. त्यानंतरची वीस वर्षं तो जिना एखाद्या सरकारी कचेरीतून पळवून आणल्यासारखा दिसत होता. रंगाचे पोपडे निघाले होते. पायऱ्या जागोजाग झिजल्या होत्या, कडा बोथटल्या होत्या, आणि भर उजेडातसुद्धा कुठली पायरी कुठे संपते हे डोळसाला उमगत नव्हतं.

हे सगळं केतकीने दिवाळीत पाहिलं. केतकी म्हणजे त्यांची एकुलती लेक, म्हापशाला नांदणारी. केवड्याच्या पानावर बापाचा जीव, म्हणून नाव केतकी; आणि पानाला काटे असतात तसे जिभेलाही. पण माया आतबाहेर भरलेली. तिने माघात फोन केला.

"आये, बाबा एक दिवस पडतले. ह्या वयात हाड मोडला तर जुळाचा नाय. शिमग्याक येतंय मी, येताना कुलूप घेवनच येतंय. माडी बंद."

"अगो, पण भोवरे..."

"भोवरे मोठे की बाबा मोठे?"

प्रभावतीने फोन ठेवला. उत्तर तिला माहीत होतं, पण ते लेकीला सांगण्याजोगं नव्हतं. भोवरे आणि बाबा ही दोन नव्हतीच मुळी. ज्या दिवशी माडीला कुलूप लागेल त्या दिवशी भोवरा थांबेल, आणि ज्या दिवशी भोवरा थांबेल त्या दिवसापासून हा माणूस ओसरीच्या खांबाला टेकून हळूहळू विझत जाईल. तिला हे लख्ख दिसत होतं. ती घाबरली, खूप घाबरली, आणि घाबरली की प्रभावती कामाला लागत असे.

तिने एका सुताराला बोलावलं. त्याने जिना वरून पाहिला, खालून पाहिला, मान हलवली आणि नव्या सागवानी जिन्याचा आकडा सांगितला. तो ऐकून प्रभावतीने त्याला चहा पाजला, वर दोन कांदाभजी दिली आणि मोठ्या सन्मानाने वाटेला लावलं.

मग तिने पदर खोचला. नवा जिना नको, आहे तोच नवा करायचा. घरात जे आहे त्यातून करायचा. आणि असा करायचा की केतकीने कुलूप पिशवीतून बाहेरसुद्धा काढू नये.

गंगारामला तिने आठ दिवसांसाठी तुळस गावी त्याच्या बहिणीकडे धाडलं. "तिचा जीव लागलो हा तुमच्यासाठी," असं खोटंच सांगितलं. बहिणीलाही तेच खोटं कळवलं, फक्त जीव उलट बाजूने लावून. दोघंही सुखावली.

आणि मग घरात नुसती ती, जिना, आणि रोज तेरा पायऱ्या उतरणारं ते हातभर ऊन.

काचेच्या एका तुकड्याने तिने रंग खरवडायला घेतला. मेस्त्र्याच्या घरात हीच रीत. पॉलिशपेपरचा मान नंतरचा. काच धरावी तिरकी, ओढावी आपल्याकडे, आणि रंगाचं साल निघावं पातळ, कुरळं, कातरलेलं. पहिल्या दिवशी दोन पायऱ्या झाल्या. चॉकलेटी कवच गळालं आणि आतून फणस उजळला. पिवळा, मधाळ, हळदुला फणस, नुकताच कापल्यासारखा. वीस वर्षं अंधारात कोंडलेलं ते सोनं उन्हाला सामोरं आलं आणि ऊन त्यावर जरा जास्तच वेळ रेंगाळलं, असं तिला वाटलं.

तिसऱ्या दिवशी कठडा. गजाच्या खोबणीतून तिने रंग कोरून काढला आणि तिच्या हातातली काच थबकली. आत लाल होता. कुंकवाचा लाल. त्याखाली पिवळं वळं, त्याखाली हिरवं, मग पुन्हा लाल. तेराही गजांवर लाखेचे वळसे, जसे चढवले तसेच, ताजे, तजेलदार.

तिला आठवलं. आठवणार नाही कसं? ती लग्न होऊन यायच्या आधी या घरात जिनाच नव्हता, माडीवर शिडीने चढत. नवी नवरी शिडी कशी चढणार, म्हणून गंगारामने त्या वर्षी जिना केला. फणस स्वतः आणला, पायऱ्या स्वतः बसवल्या, गज स्वतः कातले. आणि त्यांना लाख दिली खेळण्यांची, कारण दुसरा कुठला रंग त्याला ठाऊकच नव्हता. नवरी पहिल्यांदा जिना चढली तेव्हा तिला वाटलं होतं, आपण एका मोठ्या खेळण्यात राहायला आलो आहोत. आणि त्या खेळण्याला आपणच चॉकलेटी रंग फासला. तिला स्वतःची लाज वाटली. ती पायरीवर बसून थोडी रडली, मग नाक पुसून पुढच्या गजाला लागली.

पाचव्या दिवशी पायऱ्या गुळगुळीत झाल्या. आणि गुळगुळीत पायऱ्यांवर आता खळगे दिसू लागले. प्रत्येक पायरीवर दोन. एक डाव्या अंगाला, भिंतीशी, रुंद आणि खोल. दुसरा उजव्या अंगाला, कठड्याशी, लहानसा, उथळ. पावलांनी पाडलेले, वर्षांनी घोटलेले.

इथे प्रभावतीच्या हातून चूक झाली, आणि ती चूक खेळणी करणाऱ्याच्या बायकोचीच होऊ शकते. सगळा जन्म तिने एकच काम केलं होतं. कातलेलं खेळणं उन्हात धरायचं, फिरवून पाहायचं, आणि कुठे खळगा दिसला की भुश्यात कालवलेली गरम लाख भरून तो बुजवायचा. खळगा म्हणजे दोष. खळग्याचं फळ, खळग्याचा पोपट, खळग्याची बाहुली त्या घराचा उंबरा ओलांडत नसे. तिच्या बोटांना दुसरं काही शिकवलंच नव्हतं. तिने परातीत फणसाचा भुसा घेतला, जुन्या डब्यातल्या लाखेच्या कांड्या वितळवल्या, पिवळ्या, सगळ्या पिवळ्या, आणि पायरीमागून पायरी भरत गेली. एक, दोन, तीन. लाख शिजत होती, घर दरवळत होतं, तिच्या कपाळावर घाम आणि ओठांवर गाणं होतं. बारा पायऱ्या झाल्या आणि लाख संपली. तेरावी तशीच राहिली. वरची तर आहे, कोण बघतो, म्हणून तिने ती सोडून दिली. नवव्या पायरीखाली एक पाचर ठोकली. कुरकूर बंद झाली.

मग तिने केवड्याच्या पानाने सगळा जिना घासला. आठव्या दिवशी सकाळी ऊन उतरलं आणि जिना उजळून निघाला. पिवळ्या पायऱ्या, समतल, सुरेख, सोनसळी. लालहिरव्या गजांची रांग. कुठे खोच नाही, कुठे ओरखडा नाही. ती खाली उभी राहून पाहतच राहिली. हा दोष काढलेला, उंबरा ओलांडायला तयार असलेला माल होता.

त्याच दिवशी गंगाराम परत आला.

त्याने चपला काढल्या. नाकपुड्या फुलल्या. लाखेचा वास त्याला कळला होता. प्रभावती दाराआड उभी, तोंडावर पदर धरून, हसू दाबत. तो नेहमीसारखा भिंतीच्या अंगाने जिन्याकडे वळला. पहिल्या पायरीवर पाऊल ठेवलं, आणि थांबला. दुसरीवर ठेवलं. पाऊल जरा इकडे सरकलं, जरा तिकडे. काही तरी शोधत होतं ते पाऊल. तिसरी, चौथी. त्याचा हात भिंतीवर फिरू लागला. शेहेचाळीस वर्षांत त्याने भिंत धरली नव्हती. नववी आली, पण ती बोलली नाही. आठवीवर आहोत की दहावीवर हे त्याला उमगेना. त्याने पाऊल उचललं, टेकलं, ते गुळगुळीत फणसावरून घसरलं, आणि गंगाराम मेस्त्री दोन पायऱ्या खाली बसकण मारून आदळला.

फार लागलं नाही. घोटा जरा मुरगळला. पण प्रभावती धावत गेली तेव्हा त्याचा चेहरा तिला पाहवेना. जत्रेत हात सुटलेल्या मुलाचा चेहरा होता तो.

"माका पायरी गावली नाय," तो म्हणाला. "गो, ह्यो जिनो माजो नाय."

तो बसत बसतच खाली उतरला. तिने हळद लावून घोटा बांधला. त्या दिवशी भोवरा झाला नाही. दुसऱ्या दिवशी घोटा ठणठणीत होता, तरी झाला नाही. तिसऱ्या दिवशी गल्लीतली मुलं खिडकीखाली उभी राहिली, वर पाहून पाहून कंटाळली आणि निघून गेली. गंगाराम ओसरीच्या खांबाला टेकून बसला होता, जसा तो बसलेला तिला भीतीत दिसला होता, नेमका तसा.

"केतकी सांगता ता खरा," तो म्हणाला. आवाजात ना राग, ना तक्रार. "घाल कुलूप. उगाच कित्याक जीव टांगणीक."

शिमगा चार दिवसांवर आला होता. वाचवायला निघाली आणि तिनेच जणू माडीला कुलूप घातलं होतं. तिला काही केल्या कळेना, चुकलं कुठे. जिना चांगला झाला होता. इतका चांगला कधीच नव्हता.

दुपारी तो ओसरीवर लवंडला. गल्ली सामसूम होती, मोहोरावर माश्यांची मंद गुणगुण चालली होती, उन्हाची अखेरची पट्टी खालच्या पायरीवर पोचली होती. प्रभावती जिन्यापाशी आली. तिने डोळे मिटले. पदराने ते बांधले, कारण स्वतःवर तिचा विश्वास नव्हता. आणि ती चढू लागली.

पहिली पायरी परकी. दुसरी परकी. सारख्याच, सपाटच, पाटीवरचं सगळं पुसून टाकावं तशा. पाऊल कुठेही ठेवा, पायरी काही सांगत नव्हती. पाचवी की सहावी? मध्ये की कडेला? तिला घाम फुटला. कठडा घट्ट धरून, सासरी पहिल्यांदा चढली होती त्याहून भीत भीत, ती वर सरकत राहिली. असा किती वेळ गेला कोण जाणे. आणि मग तिचं उजवं पाऊल एका पायरीवर पडलं आणि आपसूक बसलं.

बसलं म्हणजे विसावलं. टाच टाचेच्या जागी, चवडा चवड्याच्या जागी. लाकूड तिच्या पावलाखाली वाटीसारखं झालं होतं आणि ती वाटी तिच्याच मापाची होती. ही तेरावी, लाख संपली म्हणून राहिलेली. हा कठड्याजवळचा लहान खळगा तिचा होता. चहाचा पेला घेऊन, गरोदरपणाचं ओझं घेऊन, केतकीला कडेवर घेऊन ती शेहेचाळीस वर्षं इथेच पाऊल ठेवत आली होती. तिने डावं पाऊल हळूच बाजूला नेलं. तिथे दुसरा खळगा होता, रुंद, खोल. भिंतीकडे खांदा ठेवून लाकडाचे ओंडके वाहणाऱ्या माणसाचा. तिचं अख्खं पाऊल त्यात मावलं आणि वर जागा उरली.

तिने डोळ्यांवरचा पदर सोडला नाही. तिथेच खाली बसली. बारा पायऱ्यांवरून तिने त्याचं पाऊल पुसून टाकलं होतं. हे खळगेच त्याचे डोळे होते. तो आंधळा झाला नव्हता इतके दिवस. तिने त्याला आंधळा केला होता. तिला हुंदका आवरेना, आणि तिने तो आवरलाही नाही.

मग ती उठली, चुलीत उलथनं तापत घातलं, आणि पहिल्या पायरीपाशी बसली.

तापलं उलथनं लाखेवर टेकलं की लाख मऊ होते, सुटते, उचलली जाते. जशी भरली तशीच काढायची. चर्र आवाज, धुराची बारीक रेघ, करपल्या मधासारखा वास. पहिल्या पायरीचा डावा खळगा मोकळा झाला, मग उजवा. दुसऱ्या पायरीवर ती पोचली तेव्हा मागे चाहूल लागली.

"लाखेचो वास येता," गंगाराम म्हणाला. "काय चल्ला हा?"

तिने सगळं सांगितलं. रंग खरवडल्यापासून पाचरीपर्यंत, बहिणीच्या खोट्यासकट. सांगता सांगता उलथनं निवत गेलं. तो खालच्या पायरीवर बसून ऐकत राहिला. मग त्याने हात पुढे करून पहिल्या पायरीच्या खळग्यात बोटं फिरवली, सावकाश, जशी तो लाकडात फिरवायचा. आणि हसला. चार दिवसांनी हसला.

"शेहेचाळीस वर्सां खपान मी पायरी कोरलंय," तो म्हणाला, "आणि तू एका दुपारात बुजवलंस! तुज्या हाताक गुण आसा गो."

"चेष्टा पुरे," ती रडत रडत हसली. "बोट घाला हय, आणि सांगा किती काढू."

"मात्शी अजून. हां. अजून मात्शी. पुरे."

शिमग्यापर्यंतचे सगळे दिवस ती दोघं जिन्यावर होती. ती तापवायची आणि उचलायची, तो चाचपायचा आणि थांबवायचा. एकेक पायरी बोटांखाली पुन्हा ओळखीची होत गेली. सहावीवर तो म्हणाला, हा खळगा जरा वाकडा, ओंडका खांद्यावरून घसरला होता त्या साली मी इथे तिरपा चढायचो. आठवीवर तिने सांगितलं, केतकी पोटात होती तेव्हा इथे दम घ्यायला थांबायचे. नववीची पाचर त्याने स्वतः उपटली, अंगणात भिरकावली, आणि पायरीवर दोनदा उभा राहून ती नीट बोलते की नाही हे पाहून घेतलं.

काढलेली लाख वाया घालवायची नाही, हे त्या घराचं व्रतच होतं. तिने ती मळून तिची लांब वळी केली आणि प्रत्येक पायरीच्या कडेला, अगदी कडेलाच, करंगळीएवढा जाड पिवळा गोट चढवला, साडीला काठ असावा तसा. पायरी कुठे संपते हे आता डोळ्यांना दिसत होतं आणि अंगठ्याला कळत होतं. त्याच्यावर केवड्याचं पान फिरवलं गंगारामने. दाबून, रेटून, शेवटपर्यंत. लकाकी आली का, हे त्याने तिला विचारलं नाही.

शिमग्याच्या दिवशी सकाळी केतकी आली. हातात पिशवी, पिशवीत पितळी कुलूप. दारातच थांबली.

जिना उन्हात उभा होता. फणसाचा सोनेरी उतार, लालहिरव्या गजांची पालखीच्या मिरवणुकीसारखी रांग, प्रत्येक पायरीला पिवळा काठ. तिने लहानपणी पाहिलेला, मग विसरलेला, स्वप्नात कधी तरी येऊन गेलेला जिना.

"आये, ह्या कोणी केल्यान?"

"आमीच."

केतकी वाकून पाहू लागली. बोलली नाही असं कसं होईल? "खळगे तशेच ठेवलास? ते भरूक होये होते ना. हेतूर पाय अडाकतलो बाबांचो."

 प्रभावतीने लेकीचा हात धरून तिला बाजूला घेतलं, कारण गंगाराम येत होता.

त्याने भिंत धरली नाही. कठडा धरला नाही. पहिल्या पायरीवर पाऊल ठेवलं आणि ते बसलं. दुसरीवर ठेवलं, बसलं. अंगठा पिवळ्या काठाला हलकेच शिवायचा, पाऊल मागे खळग्यात उतरायचं, आणि तो चढायचा, ताठ, निवांत, जत्रेला निघाल्यासारखा. सहावीवर जरा तिरपा झाला.  वरून ऊन उतरत होतं, खालून बाप चढत होता. नवव्या पायरीवर दोघांची गाठ पडली, आणि पायरी बोलली, लांबलचक, लाडिक.

प्रभावती आत वळली आणि तिने चहाचं आधण ठेवलं.

बाप माडीवर दिसेनासा झाला, तरी केतकी तिथेच उभी होती. थोड्या वेळाने वरून यंत्राची घरघर सुरू झाली. लाकडाचा, लाखेचा, केवड्याचा वास जिन्यावरून एकेक पायरी खाली आला. तिने चपला काढल्या. चौथ्या पायरीवर भिंतीशी वाकून तिने बापाच्या खळग्यात तळहात ठेवला. तो गार होता, गुळगुळीत होता, आणि तिच्या तळहाताहून खूप मोठा होता. ती तिथेच बसून राहिली. आपण काय बंद करायला आलो होतो हे तिला कळलं, आणि तिचे डोळे भरून आले.

"केतकी!" वरून हाक आली. "धर गो."

जिन्याच्या तोंडाशी तो उभा होता. आजचा भोवरा खिडकीतून गेला नाही. तो पायरीपायरीवरून टकटकत खाली आला आणि तिने वरच्यावर झेलला. लाल, पिवळा, हिरवा, अजून ऊबदार. तिने बोटांच्या चिमटीत त्याचा दांडा धरला, लहानपणी बाबांनी शिकवला होता तसा पीळ दिला, आणि सोडला.

भोवरा पायरीवर जरा भरकटला. काठाकडे गेला, डगमगला, पिवळ्या गोटाला टेकून मागे फिरला, आणि उतरत उतरत बापाच्या खळग्यात येऊन बसला. तिथे तो स्थिर झाला. ऊन नववीवरून आठवीवर, आठवीवरून सातवीवर, पायरी पायरी उतरत चौथीवर आलं, तोवर तिने तो कितीदा तरी फिरवला. पितळी कुलूप पिशवीतच, खाली चपलांशेजारी पडलं होतं. आत दुपारच्या भाताच्या आधणाला उकळी फुटत होती. आणि उन्हाने भरलेल्या त्या खळग्यात भोवरा फिरत होता, फिरत होता, गुणगुणत, जागच्या जागी, फिरत होता.